कलाकार आणि शास्त्रज्ञ मिळून निसर्गावर, आवाजावर कलाकृती करतात म्हणजे नेमकं काय करतात? साताऱ्याकडे असं काही जमेल का?

जमतं. मी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, एक अख्खा मे महिना हेच केलंय. तुम्ही खाली लिहिलंय की तुम्ही चित्रं काढता, कास बघून आलात आणि आता कुणी शास्त्रज्ञ मिळाला तर 'त्यांच्या डेटावरून' काहीतरी करायचंय. त्या 'डेटावरून' शब्दापाशी मी अडलो, म्हणून लिहायला बसलो.

मी साताऱ्यात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याचा हिशेब नाही. रिटायर झालो आणि दुसऱ्या वर्षी पठारावरच्या पक्ष्यांवर, सरड्यांवर काम करणाऱ्या एक मॅडम भेटल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांना चित्रकार हवा होता आणि मला घराबाहेर पडायला कारण.

पहाटे साडेपाचला त्या जांभ्याच्या एखाद्या उंचवट्याआड रेकॉर्डर लावायच्या. माइकला केसाळ टोपी, कारण तिथल्या वाऱ्यात नुसता माइक ठेवला तर फडफडीशिवाय काही हाती लागत नाही. मी दहा पावलांवर मांडी घालून बसायचो आणि जे ऐकू येईल त्याच्या रेघा ओढायचो. चंडोल गात गात वर चढतो, त्याची रेघ बारीक आणि थरथरती. टिटवीची रेघ तुटक, कागद ओरखडल्यासारखी. आणि या सगळ्याखाली पवनचक्क्या. एका चक्कीला तीन पाती, म्हणजे फेरीला तीन सपाटे. दोन फेऱ्या धरल्या की सरळ सहा मात्रांचा दादरा ताल. तिसऱ्या दिवशी मी नकळत मांडीवर ठेका धरायला लागलो.

ऊन चढलं की सरडे. तिथला सरडा साधासुधा नाही. सारडा सुपर्बा असं त्याचं शास्त्रीय नाव. 2016 मध्ये या सरड्यांची वेगळी प्रजाती म्हणून नोंद झाली तेव्हा नाव ठेवलं ते आपल्या मराठी 'सरडा' शब्दावरून. नर विणीच्या दिवसांत दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. आवाज मात्र काहीच नाही. वर पाती घोंघावतायत, चंडोल गातोय आणि सगळ्यात मोठा दिखावा करणारा गडी मुका.

मी चार नर रंगवले. दोन चक्क्यांपासून लांबचे, दोन चक्क्यांखालचे. लांबच्या दोघांना नुसता कोबाल्ट निळा पुरला, वर थोडं पाणी. चक्क्यांखालच्यांना तोच निळा लावला तर तो कागदावर ओरडायला लागला. दोनदा पुसला आणि शेवटी राखाडी मिसळला. मॅडम पाणी प्यायला आल्या आणि पॅलेटकडे बघत उभ्या राहिल्या.

"काका, हा ग्रे का घातलात?"

"दिसला म्हणून."

मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी मला बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी याच पठारावर केलेला, 2018 मध्ये छापून आलेला अभ्यास सांगितला. चक्क्यांमुळं ससाणे-घारींसारखे शिकारी पक्षी फिरकेनासे होतात. चक्क्या नसलेल्या भागात ते जवळपास चौपट दिसले. शिकारी गेले म्हणून सरडे वाढले, वाढले म्हणून खाण्याची ओढाताण, अंगानं वाळले आणि नरांचा रंगही फिका पडला. निळा आणि नारिंगी दोन्ही.

सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवशी मी घरी येताना सगळ्यांसाठी कंदी पेढे घेतले. पण खरी गोष्ट पुढची आहे. हा अभ्यास मला आधी कुणी सांगितला असता तर राखाडी मी आपोआप मिसळला असता आणि त्याला काडीची किंमत राहिली नसती. म्हणून म्हणतो, आधी बघा, ऐका, कागद खराब करा. शास्त्रज्ञांचा पेपर नंतर वाचा. शास्त्रज्ञानं पेन ड्राइव्ह हातात द्यायचा आणि तुम्ही त्यातल्या आलेखाला रंग भरायचे, याला सहकार्य म्हणत नाहीत. ती रांगोळी झाली. दोघं एकाच वेळी एकाच दगडावर बसले नसतील तर करू नका.

आता भांडण. महिन्याच्या शेवटी मॅडमनी रेकॉर्डिंगला फिल्टर लावला. 1000 हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. त्यांना पक्ष्यांची साद मोजायची होती आणि चक्क्यांची घरघर बहुतेक खालच्या पट्टीत असते. त्यांच्या कामापुरतं बरोबर, मान्य. पण ते ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. गवतातला वारा गेला. एका गुराख्याची हाळी होती, खणखणीत, ती पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी झाली. मी म्हटलं, "मॅडम, माझा मळका निळा तुम्ही डेटा म्हणून जपून ठेवलात. तो ज्या चक्कीनं मळवला तिचा आवाज मात्र कचरा?" त्या म्हणाल्या, "काका, दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत." असतील. पण बर्नी क्राउस नावाचा अमेरिकन संगीतकार शास्त्रज्ञांबरोबर हेच काम करतो आणि त्या मंडळींनी आवाजांचे तीन खाने केलेत: वारा-पाण्याचा, जिवांचा आणि माणसाचा. 2016 मध्ये पॅरिसला त्याच्या रेकॉर्डिंगवर मोठं प्रदर्शन झालं, त्यात आवाजांचे आलेख भिंतींवर उजेडानं सरकत होते. तिसरा खाना शास्त्रानंच केलाय ना? मग तो रिकामा का ठेवायचा?

माझं आजोळ सांगली, त्यामुळं मी त्यांना देवलांची गोष्टही ऐकवली. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. तारेवर मोजमापं करून त्यांनी बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांचा, हिशेब मांडला, 1910 मध्ये पुस्तक काढलं. मोजायला गळा गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा. कलाकार आणि शास्त्र एकत्र यायला आपल्याला पॅरिसला जायची गरज नव्हती. पुढं क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुती-हार्मोनियम करवून घेतला आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. मला विचाराल तर पेटीत श्रुती आल्या, दोन श्रुतींमधली मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही आली. कापली गेली. मॅडम हसल्या, "पण मोजमाप तर झालं ना, काका!" तेही खरंच.

हे भांडण आमच्यात राहिलं असतं तर गोडीनं मिटलं असतं. पण पुण्यातल्या एका संस्थेनं प्रदर्शन लावलं. मी एसटीनं गेलो. हॉलमध्ये कापलेलं रेकॉर्डिंग वाजत होतं आणि खाली पाटी, 'सड्याचा शुद्ध निसर्गध्वनी'. माझी चौदा चित्रं होती. दाराशी मोठं पोस्टर, त्यावर चक्कीखालचा सरडा आणि त्याचा निळा संगणकावर असा भडक केलेला की गणपतीच्या मंडपाला शोभावा. विचारलं तर म्हणे, "सर, प्रिंटमध्ये डल दिसत होता." डल दिसत होता! तेच तर दोन आठवडे उन्हात बसून कमावलं होतं. या वेळी मॅडम माझ्यापेक्षा जास्त भडकल्या, तो त्यांचा मोठेपणा. पोस्टर मात्र शेवटपर्यंत तसंच राहिलं. कार्डावर माझ्या नावापुढं काय, तर 'चित्रसाहाय्य'.

तर तुमच्या प्रश्नाचं उरलेलं. शास्त्रज्ञ कुठं मिळतील? कॉलेजांच्या प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र विभागात जा, एम.एस्सी.ची पोरं प्रोजेक्टसाठी रानात जातातच, त्यांच्याबरोबर चहा घ्या. वनविभागाची परवानगी आधी काढा. आवाज डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, म्हणजे न दाबता, ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, अर्धा तिथंच मरतो. नाव कुठं, कसं, केवढ्या अक्षरात येणार ते कागदावर घ्या. आणि कागदावर एक ओळ जास्तीची घ्या: रंग आणि आवाज दोघांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही. लोक म्हणतील म्हातारा नावासाठी रडतोय. रडतोय, हो.

एक प्रांजळपणे सांगतो. चार सरडे म्हणजे काही पुरावा नव्हे, मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं होतं. ऊनही दोन्हीकडं सारखं नसेल. शिवाय डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी त्यानंतर केलं, म्हणजे तेव्हा मला निळा थोडा मळकाच दिसत असणार. पण मळका दिसायचा तर लांबच्या दोघांचाही दिसला असता ना?

आणि मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर न कापलेली फाइल अजून माझ्याकडे आहे. 47 मिनिटांची. बाराव्या मिनिटाला तुम्ही शिंकलाय आणि टिटवी उठलीय. तेही ठेवलंय.