चौकशीची नस्ती: भेदभावाच्या तक्रारींबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी वांद्र्यातल्या एका राज्य शासकीय कार्यालयात प्रशासन अधिकारी आहे. भेदभावाच्या तक्रारींच्या चौकशांवर देखरेख ठेवण्याचे काम नुकतेच माझ्याकडे आले. अनुसूचित जातीच्या एका लिपिकाची तक्रार अशी : तीन वर्षे फक्त आवक-जावक आणि अभिलेख कक्ष, प्रशिक्षणाला एकदाही नाव नाही, शिवाय गोपनीय अहवालाची प्रतवारी घसरलेली. चौकशी अधिकाऱ्यांनी दीड पानात आटोपले : ‘साक्षीदारांनी दुजोरा दिला नाही, तक्रारीत तथ्य नाही.’ हा अहवाल वर पाठवू का?

उत्तर : नको. दुजोरा मिळाला नसेलही, पण साक्षीदाराला विचारण्यासारखे या तक्रारीत मुळात किती आहे? कोणाला कोणते टेबल दिले ते कार्यालयीन आदेशात असते. ज्या साहेबांविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच हाताखालचा सहकारी ‘मला काही माहीत नाही’ असेच म्हणणार. तेवढ्यावर तक्रार निकाली काढणे म्हणजे चौकशी टाळणे.

तीन वर्षांचे कर्तव्यवाटपाचे सर्व आदेश, ज्येष्ठता यादी, प्रशिक्षणासाठी नावे पाठवल्याची पत्रे आणि प्रतवारीची माहिती मागवायला सांगा. त्यावरून एकच तक्ता करायचा. त्यात त्याच संवर्गातले, साधारण तेवढ्याच सेवेचे आणि त्याच प्रतिवेदन अधिकाऱ्याच्या (गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या साहेबांच्या) हाताखालचे कर्मचारी एकाखाली एक येतील. कोण कोणत्या कार्यासनावर किती महिने होते, प्रशिक्षणाला कितीदा गेले, प्रतवारी काय, असे रकाने हवेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा : या निर्णयाचे कारण कागदावर केव्हा आले? निर्णयाच्या वेळी टिप्पणीत लिहिलेले कारण वेगळे आणि तक्रार आल्यावर खुलाशात सुचलेले कारण वेगळे. बाकीच्यांची टेबले दरवर्षी बदलली आणि हेच गृहस्थ तिथे राहिले, तर खुलासा साहेबांनी द्यायचा. सगळेच तीन-तीन वर्षे एका जागी असतील, तर आरोपाचा तेवढा भाग लंगडा पडतो. तक्ता दोन्ही बाजूंनी बोलतो. म्हणूनच त्यात सोयीची नावे निवडून घेतली नाहीत ना, हे तुम्ही ज्येष्ठता यादीशी ताडून पाहा.

गोपनीय अहवालाचे वेगळे बघा. प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये सांगितले आहे. कळवल्याची पोच नस्तीत (फाइलमध्ये) नसेल, तर भेदभाव सिद्ध होवो न होवो, तो दोष राहतोच.

आता तुमची मर्यादा. निष्कर्ष लिहिणे तुमचे काम नाही. ‘आरोप क्रमांक २ बाबत प्रशिक्षणाची पत्रे तपासलेली दिसत नाहीत, ती तपासून स्वतंत्र निष्कर्ष नोंदवावा’ हा शेरा चालतो. ‘आरोप सिद्ध होतात असे दिसते, फेरविचार व्हावा’ हा चालत नाही, आणि फोनवर ‘जरा बघून घ्या’ तर अजिबातच नाही. शंका लेखी काढा. पहिला अहवाल नस्तीतच राहू द्या, दुसरा त्याच्यामागे लागेल. जुना अहवाल काढून पृष्ठांकनावर व्हाइटनर फिरवलेल्या नस्त्या असतात. मॅटने (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने) मूळ नस्ती मागवली की पांढऱ्या डागावरचा ४७ हा आकडा सगळ्यांना दिसतो.

चौकशीतून तथ्य निघाले, तरी ती प्राथमिक चौकशीच. शिक्षा द्यायची तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे रीतसर जावे लागते. मोठ्या शिक्षेसाठी दोषारोपपत्र चारही जोडपत्रांसह बजावावे लागते : आरोप, त्यांचे विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. प्राथमिक चौकशीतला जबाब विभागीय चौकशीत जसाच्या तसा पुरावा धरला आणि साक्षीदाराची उलटतपासणी होऊ दिली नाही, तर शिक्षेचा आदेश टिकवणे अवघड जाते.

तक्रारीत जातीवाचक शिवीगाळीचा उल्लेख असेल, तर पहिल्याच दिवशी तो परिच्छेद वेगळा काढा. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये आलेल्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तेव्हा ‘आधी आमची चौकशी होऊ द्या, मग पोलिसांत जा’ असे तक्रारदाराला सांगू नका. दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात.

प्रश्न : मी कार्यालयातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची सदस्य आहे. एका चौकशीच्या मुदतीचे ९० दिवस संपत आलेत. कार्यालयप्रमुख रोज विचारतात आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते तारखा मागत बसलेत. आठवडाभर रोज बैठक लावून संपवून टाकावे का? (मंत्रालय परिसर)

उत्तर : रोज बैठक लावणे बेकायदा नाही, समोरच्याला तयारीला वेळ न देता लावणे धोक्याचे. गोव्यातल्या एका प्राध्यापकांच्या प्रकरणात (ऑरेलियानो फर्नांडिस, २०२३) समितीने शेवटी घाईने लागोपाठ तारखा लावल्या. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. समिती २००९ सालची होती. तक्रार करणाऱ्यांच्या वाट्याला चौदा वर्षांनी, मे २००९ मध्ये जिथे होती तिथून, पुन्हा चौकशी आली.

दिवस मुळात सुरुवातीला वाया जातात, शेवटी नव्हे. तक्रार आली की सात कामाच्या दिवसांत प्रत समोरच्याला गेली पाहिजे आणि त्याचे उत्तर, कागदपत्रे व साक्षीदारांच्या नावांसह, दहा कामाच्या दिवसांत यायला हवे. बऱ्याच समित्यांचा पहिला महिना ‘बैठकीची तारीख सर्वांना सोयीची नाही’ यातच जातो. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य असावे लागतात. बाहेरच्या सदस्यांच्या तारखा मिळत नाहीत, ही सर्वांत जुनी अडचण. तक्रार दाखल झाल्याच्या आठवड्यातच पुढच्या सहा बैठकांच्या तारखा ठरवून टाका.

तारखा मागणाऱ्यासाठी नियमात तरतूद आहे. पुरेशा कारणाशिवाय कोणी लागोपाठ तीन सुनावण्यांना गैरहजर राहिले, तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन एकतर्फी पुढे जाता येते. त्यासाठी रोजनामा चोख हवा : तारीख, वेळ, हजर कोण, गैरहजर कोण, कारण काय दिले, पुढची तारीख कोणाला कशी कळवली, खाली उपस्थितांच्या सह्या. ‘मुदत मागितली, दिली’ एवढ्या ओळीने काही सिद्ध होत नाही. वकील कोणत्याही पक्षाला आणता येत नाही.

कार्यालयप्रमुखांनी रोज विचारावे, हरकत नाही, पण ‘कधी संपेल?’ एवढेच. ‘काय निघतेय?’ हा प्रश्न त्यांचा नव्हे, आणि लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याच्या कलम १६ मधल्या गोपनीयतेमुळे उत्तर देणे तुमचेही काम नव्हे. चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल त्यांच्याकडे जाईल आणि दोन्ही पक्षांनाही मिळेल. त्यावर कारवाईला त्यांना ६० दिवस आहेत. त्या ६० दिवसांत ‘आता विभागीय चौकशी लावू’ असा उत्साह काही ठिकाणी दिसतो. तो आवरा. समितीचा अहवाल हाच शिस्तविषयक नियमांखालचा चौकशी अहवाल मानायचा, हे मेधा कोतवाल-लेले प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट झाले आहे. त्याच महिलेला तीच हकीकत दुसऱ्यांदा सांगायला लावू नका.

प्रश्न : लोकलच्या अपघातानंतर आमच्या एका सहायकांना चालणे कठीण झाले आहे. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट निम्मे दिवस बंद. त्यांनी तळमजल्यावर बसण्याची जागा मागितली. आस्थापना शाखेने ‘जागेची मागणी’ म्हणून अर्ज बांधकाम कार्यासनाकडे पाठवला. बरोबर आहे का?

उत्तर : चूक, आणि नेहमीची चूक. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे. कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा, त्याच्याकडे तक्रारींची नोंदवही हवी, आणि नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. बांधकाम कार्यासनात अर्ज फिरत राहिला, तर ते दोन आठवडे कधी सुरूच होत नाहीत. आजच नोंदवहीत घ्या, अर्ज मूळ ज्या दिवशी आला ती तारीखही शेऱ्यात लिहा. टेबल खाली हलवायला लिफ्टच्या दुरुस्तीची वाट बघावी लागत नाही. समाधान झाले नाही तर त्यांना दिव्यांगविषयक जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. अपघाताने दिव्यांगत्व आले म्हणून त्यांना सेवेतून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही (कलम २०).

प्रश्न : तक्रार केल्यावर दीड महिन्यात तक्रारदाराची बदली झाली. ‘प्रशासकीय कारण’ एवढेच लिहिले आहे.

उत्तर : २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाप्रमाणे मुदतपूर्व किंवा मध्यावधी बदलीला लेखी कारण आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ‘प्रशासकीय कारण’ या दोन शब्दांमागे काय आहे ते मूळ टिप्पणीतच कळेल, ती मागवा. प्रस्ताव कोणी सुरू केला आणि कोणत्या तारखेला, हे दोन मुद्दे पाहा. तक्रारीनंतर, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच सहीने प्रस्ताव निघाला असेल, तर तो चौकशीचा नवा मुद्दा म्हणून जोडून घ्या. लैंगिक छळाच्या प्रकरणात चौकशीदरम्यान तक्रारदार महिलेची बदली तिच्या लेखी विनंतीवरून समिती सुचवू शकते. विनंतीचा कागद नसताना ‘तिच्याच सोयीसाठी’ हे कारण चालत नाही.

प्रश्न : मी महापालिकेत आहे. मॅटमध्ये जाता येईल का?

उत्तर : नाही. मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुमचा मार्ग, पद आणि तक्रारीच्या स्वरूपाप्रमाणे, औद्योगिक न्यायालय किंवा उच्च न्यायालय. अंतर्गत तक्रार समिती आणि दिव्यांगांसाठीचा तक्रार निवारण अधिकारी हे मात्र तुमच्या कार्यालयातही असायलाच हवेत. नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागून घ्या.