बंद बूस्टर, मोजका खिसा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या टेबलावरच्या कल्पनाखेळासाठी निघणाऱ्या ‘आयकॉन्स ऑफ द रेल्म्स’ या मालिकेतली एकच रेअर (दुर्मिळ) मिनिएचर, म्हणजे छोटी आकृती, हवी आहे. सुटे बूस्टर (आत काय आहे ते न कळणारी बंद खोकी) घेत राहू की अख्खी ब्रिक घेऊ? (एडिसन, न्यू जर्सी)

दोन्ही नको. ती मिनिएचर सुटीच विकत घ्या. समजा, संचात २० रेअर आहेत आणि प्रत्येक बूस्टरमध्ये एक निघते. तुम्ही २० बूस्टर फोडलेत, तरी हवी ती न मिळण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के उरते! सुटीचा भाव चढा वाटतो खरा, पण तो या हिशेबासमोर ठेवून बघा.

ब्रिक म्हणजे ८ बूस्टर, ३२ मिनिएचर्स. चौघांनी वर्गणी काढली तर ती परवडते. वाटणीचा नियम मात्र खोके फोडण्याआधी ठरवा: पाळीपाळीने एकेक उचलायची आणि पुढच्या फेरीत क्रम उलटा करायचा. नंतर ठरवायला बसलात तर मोठा राक्षस निघाल्यावर मैत्रीची परीक्षा होते.

मी डंजन मास्टर, म्हणजे डी अँड डीचा डाव चालवणारा, आहे. मला गॉब्लिन आणि सांगाडे ढिगाने लागतात. स्वस्तात कुठे मिळतील?

तुमची तर चंगळ आहे. संग्राहकांना जे नको असते, तेच तुम्हाला हवे आहे. २००३ च्या ‘हार्बिंजर’पासून निघालेल्या जुन्या डी अँड डी मिनिएचर्सच्या बूस्टरमध्ये ८ नग असत आणि त्यात रेअर एकच. कॉमन, म्हणजे सर्रास निघणाऱ्या आकृत्या, सगळ्यांकडेच साचल्या. त्या एकगठ्ठा विकणारे शोधा. माणसाएवढ्या पात्राच्या आकृतीचा बेस (बैठक) खेळाच्या नकाशावरच्या १ इंचाच्या चौकटीत नेमका बसतो.

२००२ पासूनच्या सुरुवातीच्या हिरोक्लिक्सही बघा. हा सुपरहिरोंच्या आकृत्यांचा खेळ; आकृतीच्या बेसमध्येच ताकदीचे आकडे दाखवणारी फिरती चकती असते. एकच शिल्प पिवळ्या, निळ्या आणि लाल कड्याच्या बेसवर येई. फरक ताकदीच्या आकड्यांत आणि थोडासा रंगात. तुम्हाला आकडे नकोच आहेत, तेव्हा तिन्हींतली स्वस्त मिळेल ती घ्या. आकडे फिरवायच्या चकतीवरून आकृती सोडवून हार्डवेअरच्या दुकानातल्या वॉशरवर चिकटवली की झाले. शुद्धतावादी नाके मुरडतील, मुरडू देत.

जुन्या हिरोक्लिक्स स्पर्धेत चालतात का?

आयोजकांना आधी विचारा, कारण ‘मॉडर्न’ प्रकारात फक्त अलीकडचे संच चालतात. घरच्या खेळाला बंधन नाही. नंतरच्या संचांत पात्राचे वेगळे कार्ड असते. खेळायचेच असेल तर ते सोबत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

परदेशातून पुण्याला मागवणे परवडते का?

एकेक नग मागवलात तर नाही. टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून कॉमन मिनिएचरला रेअरचा भाव पडतो. एकाच विक्रेत्याकडून गठ्ठा घ्या, किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा. बॅगेतही आकृत्या सुट्याच याव्यात. रिकामी खोकी उगाच जागा खातात.

वापरलेल्या मिनिएचर्सच्या तलवारी वाकलेल्या आहेत. घेऊ का?

खुशाल घ्या, आणि भावही पाडून मागा. प्लास्टिक मऊ असते. गरम पाण्यात काही क्षण बुडवा, तलवार सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. तुटलेली असेल तर मात्र नको.