‘बिग टेन’मध्ये अठरा कसे? आणि ‘कॉन्फरन्स’ला काय म्हणावं?

विचारणा अशी आहे: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल मराठीत लिहिताना ‘बिग टेन कॉन्फरन्स’ या विद्यापीठांच्या क्रीडामंडळाला ‘दहा मोठ्यांची परिषद’ म्हणावं का? आणि तिच्यात 18 विद्यापीठं असतील, तर ‘दहा’ म्हणणं खटकत नाही का?

आधी ‘परिषद’ घेऊ. जन्माच्या वेळी हा शब्द अगदी चपखल बसला असता. जानेवारी 1895 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शेजारपाजारच्या विद्यापीठांच्या प्रमुखांना शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात बोलावलं. मैदानावरचा बेबंदपणा आवरायचा आणि खेळणारा खरोखरच विद्यार्थी असला पाहिजे एवढं तरी ठरवायचं, हा हेतू. 1896 मध्ये 7 विद्यापीठांनी मिळून मंडळ स्थापलं. त्याचं नाव ‘इंटरकॉलेजिएट कॉन्फरन्स ऑफ फॅकल्टी रिप्रेझेंटेटिव्हज’, म्हणजे प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद. परिषद होती ती प्राध्यापकांची, आणि भरली होती खेळाला वेसण घालायला. पुढे शब्द तोच राहिला आणि अर्थ सरकत गेला: आधी बैठक, मग बैठकीला बसणारी विद्यापीठं, आणि आता आपापसात खेळून विजेता ठरवणारा, टीव्हीचे हक्क एकगठ्ठा विकणारा समूह.

आज आपल्याला परिषद म्हटलं की पत्रकार परिषद नाहीतर जिल्हा परिषद आठवते. ‘संघ’ म्हणावं तर ‘मिशिगनचा संघ बिग टेन संघात परतला’ असलं वाक्य पदरी पडतं. ‘गट’ म्हटलं की वाचक साखळी फेरी समजणार. ‘लीग’ त्यातल्या त्यात जवळचा. आपल्याकडे ‘मुलाला आयव्ही लीगमध्ये ॲडमिशन मिळाली’ असं कौतुकानं सांगतात, ती आयव्ही लीगसुद्धा मुळात खेळांचीच कॉन्फरन्स आहे. 1954 च्या करारापासून तिच्यात तीच 8 विद्यापीठं आहेत. एवढं स्थैर्य या मामल्यात दुर्मीळच.

आता आकडा. सुरुवातीला हे मंडळ लोकांच्या तोंडी ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ होतं. 1899 मध्ये इंडियाना आणि आयोवा आले. 1906 चे कडक नियम मिशिगनला जाचले आणि 1908 मध्ये ते बाहेर पडलं. 1912 मध्ये ओहायो स्टेट आलं तेव्हा भरले नऊ, म्हणून लोक म्हणू लागले ‘बिग नाइन’. 1917 मध्ये मिशिगन परतलं आणि ‘बिग टेन’ झालं. शिकागो विद्यापीठानं 1939 मध्ये फुटबॉलच बंद केला. (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा 1935 चा पहिला मानकरी जे बरवँगर याच विद्यापीठाचा! पुढे 1942 मध्ये त्यांच्या ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागृहाखाली पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडली.) 1946 मध्ये शिकागो कॉन्फरन्समधूनही गेलं; पुन्हा ‘बिग नाइन’. 1949 मध्ये मिशिगन स्टेटला प्रवेश मिळाला, पुन्हा ‘टेन’.

इथवर नाव इमानेइतबारे मोजदाद करत होतं. आपल्या मुंबईच्या क्रिकेटसारखंच. युरोपियन आणि पारशांच्या सामन्यांत 1907 मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, 1912 मध्ये मुसलमान आले तेव्हा चौरंगी आणि 1937 मध्ये ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेल्या समाजांचे खेळाडू, आले तेव्हा पंचरंगी.

‘बिग टेन’ हे मात्र इतकी वर्षं टोपणनावच होतं. अधिकृत झालं ते 1987 मध्ये, आणि तीनच वर्षांत पेन स्टेटला घेऊन चुकीचं ठरलं! तोवर नावाची किंमत इतकी वाढली होती की ते बदलायची कुणाची छाती होईना. मग बोधचिन्हात ‘टेन’मधल्या इंग्रजी ‘टी’च्या दोन्ही अंगांच्या मोकळ्या जागेत हळूच 11 दडवले. 2011 मध्ये नेब्रास्का आलं तेव्हा तोही खटाटोप सोडला आणि ‘बिग’ याच शब्दात 10 दिसेल असं चिन्ह काढलं. त्याच सुमारास ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये दहाच विद्यापीठं उरली होती. ‘टेन’मध्ये बारा आणि ‘ट्वेल्व्ह’मध्ये दहा, पण अदलाबदल कुणालाच नको होती.

यामागे अर्थातच पैसा. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली, आणि कॉन्फरन्सना आपले हक्क आपणच विकता येऊ लागले. जितके मोठे प्रेक्षक, तितका मोठा करार, म्हणून 2014 मध्ये पूर्वेकडची मेरीलँड आणि रटगर्स, आणि 2024 मध्ये थेट पश्चिम किनाऱ्यावरची यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन. झाले अठरा. ज्या ‘पॅक-12’ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्समधून ही चौघं गेली तिच्यात 2024 च्या हंगामाला दोनच उरली, आणि स्टॅनफर्ड व बर्कली गेली ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये. दोघंही पॅसिफिकच्या बाजूची! संख्या सोडा, भूगोलही नावातून हद्दपार.

तेव्हा माझं मत: ‘बिग टेन’ हे विशेषनाम आहे, त्याचं भाषांतर करू नये. आपल्या ग्रामपंचायतीत तरी पाचच सदस्य कुठे असतात? ‘कॉन्फरन्स’ही तसंच ठेवावं, स्त्रीलिंगी चालवावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘विद्यापीठांचं क्रीडामंडळ’ अशी ओळख जोडावी. फक्त व्यावसायिक फुटबॉलच्या एनएफएल किंवा बास्केटबॉलच्या एनबीएच्या बातमीत हे क्रीडामंडळ घुसडू नका. तिथे कॉन्फरन्स म्हणजे एकाच लीगचा अर्धा भाग, तिथे ‘विभाग’ चालेल.