आधी ब्रेक, मग बाकीचं सगळं

मिरगाचा पाऊस पडला की या सदराच्या टपालाचा नूरच बदलतोय. एप्रिलपर्यंत सगळे रेडिएटर आणि एसी विचारत असतात आणि जून लागला की एकदम सगळ्यांना घरामागच्या शेडमध्ये जीप बांधायची असते. यावेळी सहा पत्रं घेतलीत, पहिलं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न (खानापूर) : मेस्त्रीकाका, २००४ ची जिप्सी किंग घेतलीय. जांबोटीच्या पुढं आमचं शेत आहे, मध्ये ओढा लागतो, पावसात ट्रॅक्टरशिवाय जाताच येत नाही. तीन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी वर उचलणं), मोठे टायर, स्नॉर्कल, विंच आणि वर लाइटबार असा प्लॅन आहे, काम घरीच करणार, वेल्डिंग मशीन मित्राचं आहे. कुठनं सुरुवात करू?

उत्तर : यादी चांगली आहे रे, खरं उलटी धरलीस. वीस वर्षांची गाडी आहे ती, तिला चढायला शिकवायच्या आधी थांबता येतंय काय ते बघ. चारी चाकं काढ, मागचे ड्रम उघड, व्हील सिलिंडर ओले दिसले तर रबर किट टाक, ब्रेकच्या होज सगळ्या नवीन घाल, का म्हणजे जुनी होज वरनं चांगली दिसते आणि आतनं फुगलेली असते. मग स्टेअरिंगचा प्ले, किंगपिन, टायरॉडचे एंड. एवढ्यात बजेटचा बरा भाग जाईल आणि फोटोत काहीच दिसणार नाही, म्हणूनच हे काम कोणी आधी करत नाही.

त्याच्यानंतर चासी. मागच्या शॅकलच्या, म्हणजे पाटे टांगलेल्या कड्यांच्या, जागा आणि बॉडी माउंटच्या आसपास हातोडीनं हळू ठोकत जा, टण्ण वाजलं तर लोखंड आहे, भद्द वाजलं तर नुसता रंग आहे. विकणारा काळा अंडरकोट मारून देतोय, आत काय शिजलंय ते स्क्रूड्रायव्हर खुपसल्याशिवाय कळत नाही. सडलेल्या जागी पट्टी मारायची तर पट्टीची टोकं निमुळती काप, चासीला आडवी सरळ वेल्डिंगची रेघ ओढू नको, पुढं तिथनंच चीर जाते. आणि चासीच्या वरच्या-खालच्या बाजूला भोकं पाडायची नाहीत, वाकायचा सगळा ताण तिथं असतो, पाडायचंच झालं तर उभ्या बाजूच्या मधोमध.

आता तुझा ओढा. स्नॉर्कलचं, म्हणजे इंजिनला वरनं हवा देणाऱ्या उंच नळीचं, नंतर बघू, पहिलं ब्रीदर बघ. हौजिंग म्हणजे दोन चाकांच्या मधलं गिअरचं लोखंडी कवच, त्याच्या वर बोंडाएवढी एक टोपी असते, आतली गरम हवा बाहेर जायला. खानापूरपासून पळवत आलास की हौजिंग तापलेलं असतं, तसंच गार पाण्यात घातलंस की आतली हवा आकसते आणि कुठनं तरी ओढून घेते, ब्रीदर पाण्यात असेल तर तिथनं, तो चिखलानं बुजला असेल तर ऑइल सीलमधनं. चार महिन्यांनी क्राउन-पिनियन, म्हणजे आतले गिअर, ओरडायला लागतं आणि लोक म्हणतात गाडीच बेकार. टोपी काढून तिथं नळी लाव, वर इंजिनरूममध्ये फायरवॉलपाशी नेऊन बांध, पुढच्या-मागच्या हौजिंगला आणि गिअरबॉक्स-ट्रान्सफर केसला पण. पाच-सातशे रुपयांचं काम आहे, नळी आणि क्लिपा, बस्. पाणी गेलंय काय ते बघायला गाडी रात्रभर उभी ठेव आणि सकाळी ड्रेन प्लग हळूच सैल कर, पाणी ऑइलपेक्षा जड, ते खाली बसतं, पहिल्यांदा पाणीच येतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर विचार करत बसू नको, लगेच बदल.

स्नॉर्कल घालणार असशील तर एअर फिल्टरचा डबा आणि मधले सगळे जोड सील झालेच पाहिजेत, नाहीतर ते नुसतं नाक आहे. टेस्ट सोपी आहे, गाडी आयडलला ठेव आणि स्नॉर्कलच्या तोंडावर तळहात दाब, इंजिन गुदमरून बंद पडलं तर काम बरोबर, चालूच राहिलं तर हवा दुसरीकडनं घेतंय आणि तिथनंच उद्या पाणी घेईल. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तसं झालं आणि गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नको, म्हणजे नाहीच. ओढून बाहेर काढ, प्लग काढ, मगच इंजिन फिरव.

अजून एक, हे सगळं उभ्या पाण्यासाठी. वाहत्या पाण्याला स्नॉर्कल कळत नाही. जिप्सी रिकामी हजार किलोच्या आसपास, हलकी म्हणून चिखलात चांगली आणि त्याच कारणानं पाण्यात वाईट, त्यात तू मोठे टायर घालणार, ते हवेनं भरलेले, म्हणजे अजून लवकर तरंगणार. ज्या पाण्यात काठी घेऊन चालत जायचं धाडस होत नाही त्यात गाडी घालायची नाही. कणकुंबीच्या बाजूला वर पाऊस झाला की खाली ऊन असताना ओढा चढतोय, हे तुला मी सांगायला नको.

विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढायचं यंत्र, शेवटी. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट हा हिशेब, तुझी माणसं-सामानासकट दीड टन धर, म्हणजे सव्वादोन टनाच्या वर, बाजारात सहा हजार पाउंडाचं येतं ते पुरतंय, त्याच्यापेक्षा मोठं घेऊन नाकावर उगीच वजन घालू नको. आणि विंच घ्यायच्या आधी पुढं-मागं चासीला बोल्ट केलेले दणकट हुक घाल. ओढताना दोरावर ओलं पोतं टाक, दोर तुटला तर पोत्यामुळं खाली पडतो. साखळीनं झटके देऊन ओढायची आपल्याकडची सवय फार वाईट, तुटलेली कडी गोळीसारखी येते. लाइटबारचं मी काही बोलत नाही.

प्रश्न (निपाणी) : कोल्हापूरच्या मावसभावाकडं हाय-बोनेट जुनी पेट्रोल जीप आहे, एमएच ०९ पासिंग, आत आता डिझेल इंजिन बसवलंय, आरसीवर पेट्रोलच आहे. मला देतो म्हणतोय. घेऊ काय? इकडं आणून बांधायची इच्छा आहे.

उत्तर : जीप भारी आहे तुमच्या भावाची, ते उंच बोनेट शोसाठी नव्हतं बरं का, आतलं हरिकेन इंजिन उंच होतं म्हणून बोनेट वर उचलायला लागलं. खरं ते इंजिन आता आत नाही, इथंच घोडं अडतंय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीनं मुळात दिलेली गाडी यात फरक पडेल असा बदल करायचा नाही, इंजिन बदलायचं तर परवानगी आधी, काम नंतर. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२-अ कलम आलं, बेकायदा बदल केलेल्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागं, हे लक्षात ठेवा, इंजिन हा एक बदल, चाकं हा दुसरा, असं मोजत जातात.

त्यामुळं भावाला सांगा, आरसीवर डिझेल आणि नवा इंजिन नंबर तिकडंच चढवून घे, मग बोलू. त्यानंतर तिकडची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलाचे २९ आणि ३०, आणि इकडं कर्नाटकात चिकोडीला केए २३ नंबर घ्यायला फॉर्म २७ आणि इकडचा टॅक्स. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवायची तर नंबर बदलायलाच लागतोय, कलम ४७. गाडी पंधरा वर्षांच्या वरची असणार, तेव्हा रिन्यूअल कधीपर्यंत आहे ते पण बघा, ते पाच-पाच वर्षांचं मिळतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागेपर्यंत एमएच पाटीवरच फिरवतो असं एकानं मला सांगितलं होतं, त्याला हद्दीवर कोगनोळीजवळ अडवल्यावर हा मुद्दा काही चालला नाही.

कागद होत नसतील तर सोडून द्या. पार्ट म्हणून घ्यायची असेल तर वेगळी गोष्ट.

प्रश्न (येळ्ळूर) : आमच्या तिघांच्या जिप्सी आहेत. शिवारात काळ्या मातीत रुततात. २३५/७५ आर १५ चे मड टेरेन टायर घालायचं ठरलंय, लिफ्ट न करता बसतील काय आणि फायदा किती?

उत्तर : कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर येतो, तुमच्या नव्याचा ७३३. म्हणजे गाडी उचलली जाणार फरकाच्या फक्त निम्मी, ३३ मिलिमीटर, सव्वा इंच. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टनं पळत असेल, आणि गिअर सगळे दहा टक्के उंच झाल्यासारखे वाटतील, चढाला पहिला गिअर पुरत नाही म्हणून क्लच जाळाल. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर पाट्याला आणि फेंडरला घासतोय काय ते एक टायर उसना आणून बघा, चार घेऊन मग बघू नका.

खरं माझं म्हणणं ऐका गा, आधी फुकटचं करून बघा. हवा कमी करा. अठ्ठावीस पीएसआयवरनं अठरावर आणा, टायर लांबट बसतोय आणि चिखलावर जास्त जागा धरतोय. पंधराच्या खाली जाऊ नका, ट्यूबलेस असेल तर रिमवरनं सुटतोय. आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत भरायची, त्यासाठी बॅटरीवरचा कंप्रेसर घ्या, तिघांत एक पुरे. येळ्ळूरची माती म्हणजे भाताची माती, चिकट, रोड टायरच्या खाचा पहिल्या फेरीत भरून सगळं गुळगुळीत होतं, तिथं मड टेरेनच्या रुंद खाचा माती फेकतात हे खरं आहे. पण तीच टायर ओल्या डांबरावर घसरतात आणि तुम्ही आठवड्यातनं सहा दिवस डांबरावरच असता.

दुसरं, फोर बाय फोर रुतल्यावर घालू नका, रुतायच्या आधी घाला. आणि घातलं म्हणजे चारी चाकं ओढतात हा गैरसमज, डिफरेन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणारे गिअर) ओपन असतंय, म्हणजे लॉक होत नाही, ज्या चाकाला जोर लागत नाही तिकडंच फिरणं जातं, म्हणून पुढचं एक आणि मागचं एक फिरत बसतं आणि बाकीची दोन गंमत बघतात. अशावेळी ॲक्सिलरेटर हलका ठेवून ब्रेक थोडा थोडा दाबा, फिरणारं चाक जड होतं आणि दुसरीकडं थोडा जोर जातो. डिफ वेल्ड करून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. कोरड्या रस्त्यावर आलात की लिव्हर परत टू-व्हीलला, पुढची-मागची चाकं वळणावर वेगळं अंतर कापतात आणि मधल्या शाफ्ट पिळल्या जातात.

प्रश्न (चिकोडी) : नमस्कार. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत जुन्या जीपवर पाइपचा सांगाडा वेल्ड करायलाय, रोल केज म्हणतो. रात्री अकरापर्यंत ठिणग्या उडत असतात. मला भीती वाटते, त्याचे बाबा म्हणतात करू दे. काय करू?

उत्तर : ताई, करू दे, खरं त्याला तीन गोष्टी विचारा. पाइप कुठला आणलाय? पाण्याच्या लाइनीचा जीआय पाइप असेल तर तिथंच थांबवा, तो या कामाचा नाही आणि त्याच्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप येतो. केजला सीमलेस पाइप लागतो, रेसिंगच्या एफआयए नियमात मुख्य कमान ४५ मिलिमीटरची, अडीच जाडीची आहे, बेळगावात उद्यमबागेत पाइप पण मिळतो आणि मशीनवर वाकवून पण मिळतो, घरी वाळू भरून तापवून वाकवलेला नको. दुसरं, केजचे पाय कशावर उभे आहेत? नुसत्या पत्र्यावर असतील तर गाडी उलटल्यावर पाय पत्रा फाडून खाली जातील, खाली तीन मिलिमीटरची तळहाताएवढी प्लेट पाहिजे. तिसरं, डोकं. हेल्मेट न घालता डोक्याजवळ लोखंडी पाइप म्हणजे साध्या धडकेत पण कवटी त्यावरच आपटते, तेव्हा जाड पॅडिंग आणि चांगले सीटबेल्ट.

आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची, पेट्रोलची टाकी गाडीतनं काढून लांब ठेवायची. हे तो करतोय काय ते तुम्ही स्वतः जाऊन बघा, बाबांना पाठवू नका.

प्रश्न (नंदगड) : मारुती ८०० चं इंजिन मागं बसवून शेतात फिरवायला बग्गी बांधतोय. काही टिप?

उत्तर : इंजिन-गिअरबॉक्स आहे तसं अख्खं उचलून मागं ठेव, तोंड फिरवू नको. आमच्याकडं एकानं जागा पुरत नाही म्हणून उलटं बसवलं, रंग झाला, सीट झाली, नारळ फोडला, आणि पहिला गिअर टाकल्यावर गाडी मागच्या शेणकईत गेली. चार गिअर मागं जायला आणि एक पुढं. मुळात ती चाकं वळणारी होती, मागं नेल्यावर टायरॉडची टोकं चासीला पक्की बांध नाहीतर मागची चाकं मनाला येईल तिकडं वळतील. रेडिएटर पुढं ठेवशील तर पाइपमध्ये हवा अडकते, सगळ्यात उंच जागी हवा काढायला नट ठेव. आणि ती स्वतःच्या शेतातच, रस्त्यावर नाही, तिला पासिंग होत नाही. पश्चिमेकडं जंगलात पण नाही, भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे.

प्रश्न (बेळगाव, कॅम्प) : जीप पूर्ण झाली. मिलिटरी हिरवा रंग देणार आहे, कुठला शेड बरोबर?

उत्तर : कुठलाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरसमोरनं रोज जाता म्हणून मोह होतो हे समजतं. तांबडा द्या की, खानापूरला जाऊन आलात तर धुवायला नको.