वरंधा घाटाने महाडला जावे का?

प्रश्न : दिवाळीनंतर वृद्ध आई-वडिलांना घेऊन पुण्याहून मोटारीने रायगडला जायचे आहे. ताम्हिणी घाट पाहून झाला असल्याने या वेळी भोरमार्गे वरंधा घाटाने जावे, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य जावे, मात्र घाट दिवसाउजेडी उतरावा. भोर सोडल्यावर रस्ता बराच काळ नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेने वळणे घेत जातो आणि आमच्या मते प्रवासाचा सर्वांत रम्य भाग हाच आहे. घाटमाथा गाठण्याच्या नादात बहुतेक जण तो न थांबता ओलांडतात, याचे नवल वाटते. माथ्यावर कावळ्या किल्ला आहे आणि जवळच वाघजाईचे मंदिर. तेथे चहा-भजी घेत कोकणाकडे कोसळणारे कडे न्याहाळावेत. घाट उतरल्यावर थोडी वाट वाकडी करून समर्थ रामदासांच्या वास्तव्याने प्रसिद्ध असलेली शिवथरघळ पाहता येते, परंतु तेथे पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हा आई-वडिलांच्या गुडघ्यांचा अंदाज आधी घ्यावा.

रस्ता अरुंद असून दरडी कोसळण्याच्या भीतीने तो पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद ठेवला जातो. दुरुस्तीची कामे पुढेही रेंगाळू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी भोर किंवा महाड पोलिसांकडे चौकशी करावी. इंधन भोरलाच भरून घ्यावे. उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापवण्यापेक्षा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी आणि चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी.