मतभेद आणि बहिष्कार

प्रिय तरुण मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. यहोवाच्या साक्षीदारांची ख्रिस्ती पंथसंघटना सोडलेली तुम्ही मंडळी एकत्र जमता तेव्हा धर्माविषयी तासन्‌तास एकदिलाने बोलता, आणि निवडणुकीचा विषय निघाला की थोड्याच वेळात आवाज चढतात, कोणी उठून जाते, कोणी संबंधच तोडते, असे तू लिहिले आहेस. यापुढे बैठकीत राजकारणाला बंदी घालावी का, असा तुझा प्रश्न आहे. घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना आयुष्यभर एका विषयावर बोलू दिले गेले नाही, त्यांनी बाहेर पडून पुन्हा त्याच विषयावर स्वतःच बंदी घालावी, हे मला पटत नाही. परंतु भांडण का होते, याचा विचार मात्र मुळापासून करावा लागेल.

आपली मते घडली कशी, ते आधी आठव. राज्य सभागृहात, म्हणजे साक्षीदारांच्या उपासनास्थळी, ‘टेहळणी बुरूज’ या संघटनेच्या मासिकाचा अभ्यास होत असे. परिच्छेद मोठ्याने वाचला जाई, तळाशी छापलेला प्रश्न विचारला जाई, आणि आदल्या रात्री पेन्सिलने अधोरेखित करून ठेवलेले त्याच परिच्छेदातले वाक्य आपण हात वर करून म्हणत असू. ते स्वतःच्या शब्दांत सांगितले तर कौतुक होई, पण आशय परिच्छेदाबाहेर गेला की संचालक बांधव हळूच पुढच्या हाताकडे वळत. लहानपणापासून आठवड्यामागून आठवडे हेच केलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्नाचे एकच उत्तर असते, ते कुठेतरी आधीच छापलेले असते आणि ते न देणारा मनुष्य एकतर अजाण किंवा धर्मत्यागी असतो, असे वाटू लागते. संघटनेवरचा विश्वास उडाला तरी ही सवय मागे उरते. मग कोणाला ते छापील उत्तर एखाद्या पक्षात सापडते, कोणाला एखाद्या विचारसरणीत, तर कोणाला रोज रात्री बोलणाऱ्या एखाद्या वक्त्यात. तुमच्या बैठकीत समोरासमोर येणारे दोघे राजकीय दृष्ट्या दोन टोकांचे असतील, पण त्यांची बोलण्याची पद्धत एकाच सभागृहात तयार झाली आहे.

यावरून संघटनेची राजकीय तटस्थता, म्हणजे मतदान, ध्वजवंदन आणि सैन्यसेवा यांपासून दूर राहणे, हा निव्वळ पळपुटेपणा होता, असा निष्कर्ष तू काढू नयेस. ‘माझे राज्य ह्या जगाचे नाही’ या येशूच्या वचनाचा त्यांनी लावलेला अर्थ आपण आज मानत नसू, पण त्या अर्थापायी माणसांनी काय सोसले ते विसरण्याचा अधिकार आपल्याला नाही. नाझी जर्मनीत हिटलरला सलामी देण्यास आणि सैन्यात जाण्यास नकार दिला म्हणून त्यांना छळछावण्यांत डांबले गेले, त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण लावला गेला, आणि शेकडो जण प्राणांस मुकले. सुटकेसाठी त्यांच्यापुढे श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही करण्याचा मार्ग ठेवला जात असे, आणि बहुतेकांनी ती सही केली नाही. अमेरिकेत 1940 साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वजवंदनाची सक्ती वैध ठरवली आणि त्यानंतर गावोगावी साक्षीदारांवर जमाव चालून गेले. तीन वर्षांतच, 1943 साली, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. जगभरच्या नागरिकांना मिळालेल्या काही स्वातंत्र्यांचा पाया या हट्टी माणसांच्या खटल्यांनी घातला आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मलावी या आफ्रिकी देशात एकपक्षीय राजवट होती, आणि सत्ताधारी पक्षाचे सदस्यत्वाचे कार्ड विकत घेण्यास साक्षीदारांनी नकार दिला. 1967 साली तेथे त्यांच्यावर बंदी आली, 1972 नंतर हजारो लोक घरेदारे सोडून शेजारच्या देशांत पळाले, बायकांवर अत्याचार झाले. त्याच काळात मेक्सिकोत मात्र संघटनेचे तरुण अधिकाऱ्यांना पैसे चारून सक्तीच्या लष्करी सेवेचे प्रमाणपत्र मिळवत होते, आणि ब्रुकलिनच्या मुख्यालयाला ते ठाऊक असूनही त्याने ही बाब ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडली होती. हा विरोधाभास जगापुढे आणला तो संघटनेच्या सर्वोच्च नियमन मंडळाचे माजी सदस्य रेमंड फ्रान्झ यांनी. एका ठिकाणी एका कार्डासाठी माणसे मेली आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या कार्डासाठी लाच चालली, हे वाचल्यावर मला जो संताप आला तो अजून पूर्ण शमलेला नाही. माझ्या मते यातला खरा दोष तटस्थतेचा नाही. विवेकाचा निर्णय ज्याचा त्याने करायचा असतो, तो मुख्यालयाने देशागणिक वाटून दिला, हा तो दोष आहे.

त्याच फ्रान्झ यांना 1981 साली बहिष्कृत करण्यात आले. संघटना सोडलेल्या एका माणसाबरोबर ते जेवले, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे ठरले. ते ज्याच्याकडे काम करत आणि ज्याच्या जागेत राहत, तोच हा माणूस. अमुक व्यक्ती आता यहोवाची साक्षीदार राहिलेली नाही, एवढे एक वाक्य व्यासपीठावरून वाचले जाते, कारण सांगितले जात नाही, आणि सभा संपल्यावर सख्खी मावशीसुद्धा नजर चुकवून चपला शोधू लागते. तू हे अनुभवले आहेस, म्हणून अधिक वर्णन करत नाही. अलीकडे संघटनेने बहिष्कृत हा शब्द टाकून सौम्य शब्द स्वीकारला आहे आणि काही नियमही थोडे सैल केले आहेत, तरी मूळ प्रथा कायम आहे.

आता मला जे सांगायचे आहे ते असे, की राजकीय मतभेदावरून माणूस तोडणे ही तीच प्रथा आहे, आणि आपल्यापैकी कोणी ती चालवावी हे मला असह्य वाटते. ज्याने चुकीच्या पक्षाला मत दिले त्याच्याशी बोलायचे नाही, त्याचा फोन उचलायचा नाही, त्याला बैठकीचा निरोप द्यायचा नाही, हे सारे आपल्याला इतके सहज जमते, कारण ते आपल्या हाडीमाशी खिळले आहे. एखादा हिंसेची भलामण करत असेल किंवा कोणाचा छळ करत असेल, तर त्याला जरूर दूर ठेव. आरक्षणाबद्दल, अर्थकारणाबद्दल किंवा एखाद्या नेत्याबद्दल त्याचे मत तुला चीड आणणारे असेल, तर मात्र समोर बसून ते ऐकून घे आणि तुझे मत मांड.

आपल्याकडे या प्रश्नाला एक वेगळी धार आहे, आणि तिच्याबद्दल मला तुझी काळजी वाटते. तू बाहेर पडल्याचे कळताच दोन प्रकारचे लोक तुझ्याकडे येतील. पहिल्या प्रकारच्यांना तुझी कहाणी हवी असेल, म्हणजे तमाम ख्रिस्ती लोक, मिशनरी आणि धर्मांतरे कशी घातक आहेत याचा पुरावा म्हणून तुला व्यासपीठावर उभे करता येईल. वसईचा कॅथलिक कोळी, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले मराठी प्रोटेस्टंट कुटुंब आणि राज्य सभागृहात जाणारी तुझी आई यांच्यात त्यांना काडीचाही फरक दिसत नाही. साक्षीदार त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत, इतर चर्चेसना खोट्या धर्माचा भाग समजतात आणि बहुतेक चर्चेसही त्यांना आपले मानत नाहीत, एवढी साधी गोष्टसुद्धा त्यांना जाणून घ्यायची नसते. दुसऱ्या प्रकारचे लोक भले असतील, तुझे मित्रही असतील, आणि ते म्हणतील की अल्पसंख्याकांवर आधीच दडपण आहे, अशा वेळी तू तुझे दुःख चव्हाट्यावर आणू नकोस. पहिल्यांना तुझे तोंड हवे आहे आणि दुसऱ्यांना तुझे मौन. तू दोन्ही देऊ नयेस. जे तुझ्यावर गुदरले ते संघटनेचे नाव घेऊन, तपशिलासह, नेमके सांग, आणि तेथेच थांब. त्यावरून संपूर्ण समाजाबद्दल कोणी निष्कर्ष काढू लागला, तर त्याला भर सभेत अडव.

केरळमधल्या साक्षीदार कुटुंबातल्या तीन भावंडांचा खटला तुला ठाऊक असेल. ती राष्ट्रगीताच्या वेळी शाळेत अदबीने उभी राहत, पण गात नसत. 1985 सालच्या जुलैत त्यांना शाळेतून काढण्यात आले. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 1986 रोजी त्यांना परत प्रवेश देण्याचा आदेश दिला. आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान आणि आपली घटना सहिष्णुतेचीच आहे, ती पातळ होऊ देऊ नये, अशा आशयाचे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचे शब्द आजही उद्धृत होतात. मिटल्या ओठांनी प्रार्थनेच्या रांगेत उभे राहताना मागून येणारी कुजबूज ज्याने ऐकली आहे, त्याला या निकालाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तू आता राष्ट्रगीत मोठ्याने गातोस आणि त्यात तुला आनंद वाटतो, हे वाचून मलाही आनंद झाला. तरीही न गाणाऱ्या मुलाचा हक्क तुझ्या गाण्याइतकाच मोलाचा आहे, हे तुझ्याइतके ठामपणे दुसरे कोण सांगू शकेल?

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. 29 ऑक्टोबर 2023 रोजी केरळमधल्या कलमश्शेरीत साक्षीदारांच्या अधिवेशनात स्फोट झाले, त्यात माणसे मेली, एक बारा वर्षांची मुलगीही गेली. पहिल्या काही तासांत समाजमाध्यमांवर भलत्याच समाजाकडे बोटे दाखवली गेली. मग ज्याने स्वतःहून पोलिसांपुढे येऊन जबाबदारी घेतली, तो आपण पूर्वी याच संघटनेत होतो असे सांगत होता, आणि राष्ट्रगीताविषयीची शिकवण ही त्याच्या तक्रारींपैकी एक होती. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपण मात्र एवढे ओळखले पाहिजे की आपल्या बैठकांत रोज ऐकू येणाऱ्या तक्रारी आणि त्याने प्रसारित केलेल्या चित्रफितीतल्या तक्रारी यांचे शब्द पुष्कळ ठिकाणी सारखे आहेत. तुमच्यात कोणी ‘या लोकांना देशात जागाच देऊ नये’ असे म्हणाला, तर ते रागाच्या भरातले बोलणे म्हणून सोडून देऊ नकोस.

रशियात नेमके तेच झाले. 20 एप्रिल 2017 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने संघटनेला अतिरेकी ठरवले, मालमत्ता जप्त झाल्या, घरात बसून बायबल वाचणारे वृद्ध तुरुंगात गेले. त्या वेळी काही माजी सदस्यांना समाधान वाटले होते. मला त्याची लाज वाटते. नॉर्वेचा प्रश्न निराळा आहे, आणि त्यावर तुमच्यात मनसोक्त वाद व्हावा असे मला वाटते. तेथे कोणालाही अटक झाली नाही. संघटना सोडणाऱ्यांना, त्यातही अल्पवयीन मुलांना, तोडण्याच्या प्रथेमुळे सरकारने अनुदान थांबवले आणि 2022 साली नोंदणी काढून घेतली. ओस्लोच्या न्यायालयाने 2024 साली सरकारची बाजू घेतली, तर 2025 सालच्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने संघटनेची. श्रद्धेवर बंदी घालणे आणि एखाद्या प्रथेला सरकारी पैसा नाकारणे, यांतली सीमा नेमकी कोठे आहे, यावर सज्जन माणसे परस्परविरोधी मते बाळगू शकतात.

आपल्या राज्याचा अनुभवही या वादात उपयोगी पडेल. मुंबई राज्याने 1949 साली समाजातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढे जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. माझे स्वतःचे मत असे आहे की कोणाचे पाणी तोडले, काम बंद केले, दुकानात माल नाकारला, तर कायद्याने हात घातलाच पाहिजे. परंतु आईने मुलाशी बोलावे असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही, आणि देऊही नये. दहाबारा वर्षांच्या मुलाने घेतलेल्या बाप्तिस्म्याच्या आधारे पुढे त्याला शिक्षा करणे मात्र कायद्याने थांबवता यावे, असे मला वाटते. तुला हे पटत नसेल तर सविस्तर लिही.

आता पुढच्या बैठकीविषयी. विषय आधी ठरवा आणि तो माणसाऐवजी प्रश्नाचा असू द्या. ‘अमुक नेता चांगला की वाईट’ यावर काहीच निष्पन्न होणार नाही, ‘राष्ट्रगीताची सक्ती असावी का’ यावर होईल. बोलणाऱ्याने ‘मला असे वाटते, कारण’ म्हणून सुरुवात करावी आणि विरुद्ध बाजूचा एक मुद्दा स्वतःच मांडून दाखवावा. पहिल्यांदा हे फार अवघड जाते. कोणी ‘मला अजून ठरवता आलेले नाही’ म्हणाला तर त्याला डिवचू नका. आपल्यापैकी पुष्कळांनी हे वाक्य चारचौघांत कधी उच्चारलेलेच नाही. मतदार यादीत नाव नसल्याचे तू लिहिले आहेस, तर नमुना क्रमांक 6 भरून ते या महिन्यात नोंदव. मत कोणाला देतोस ते मला कळवण्याची गरज नाही, आणि गटातही कोणी विचारू नये.

आणि जो रागावून गट सोडून गेला आहे, त्याला तू स्वतः फोन कर. निवडणुकीचा विषय काढू नकोस, पण त्याने काढला तर टाळूही नकोस. बैठकीची तारीख आणि जागा त्याला सांग, आणि तो नाही म्हणाला तरी त्यापुढच्या बैठकीचा निरोपही त्याला दे.

तुझा हितचिंतक