संगणक-सुरक्षा प्रश्नोत्तरे : एआयचा पहारा आणि आपली तयारी

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एका नागरी सहकारी बँकेचा संगणक विभाग मी सांभाळतो. बँकेच्या नऊ शाखा आहेत आणि विभागात आम्ही तिघेच आहोत. सुरक्षेवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर चार वर्षांपासून वापरात आहे. पण त्यातून रोज इतके इशारे येतात की ते पाहणे आम्ही जवळजवळ सोडूनच दिले आहे. आता पुरवठादार नवी आवृत्ती घ्या म्हणतो. तीत एआय असल्यामुळे धोका आपोआप ओळखला जाईल, खोटे इशारे बंद होतील आणि गरज पडल्यास यंत्रणा स्वतःच कारवाई करील, असे तो सांगतो. खर्च दुपटीच्या आसपास जातो. संचालक मंडळापुढे मी काय मांडावे?

उत्तर : इशारे पाहणे सोडून दिल्याचे आपण मोकळेपणाने लिहिले, हे फार चांगले केले. संचालक मंडळापुढेही हीच गोष्ट सर्वांत आधी मांडा, कारण नव्या खर्चाचा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे.

पुरवठादार ज्याला सरसकट ‘एआय’ म्हणतो, त्यात निरनिराळी कामे एकत्र बांधलेली असतात. ‘पाच मिनिटांत दहा वेळा चुकीचा पासवर्ड पडला तर कळवा’ हा साधा नियम आहे. त्याला एआय लागत नाही आणि तो आपल्याकडे आजही असणार. दुसरे काम म्हणजे प्रत्येक खात्याची आणि संगणकाची नेहमीची वागणूक शिकून घेणे आणि त्याबाहेरचे काही घडले की ते टिपणे. हेही नवे नाही. संगणकशास्त्रज्ञ डोरोथी डेनिंग यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ही कल्पना मांडली होती. तेव्हापासून संगणकांची ताकद आणि त्यांत आपोआप होणाऱ्या नोंदींचे (म्हणजे लॉगचे) प्रमाण वाढले, म्हणून ती आता लहान संस्थांच्या आवाक्यात आली आहे. खरोखर अलीकडची भर आहे ती भाषा-मॉडेलांची, म्हणजे चॅटबॉटच्या मुळाशी असलेल्या तंत्राची. विखुरलेल्या नोंदी वाचून काय घडले याचा साध्या भाषेत सारांश देणे, आणि ‘काल रात्री या खात्याने कोणकोणत्या सर्व्हरवर प्रवेश केला?’ अशा प्रश्नाला उत्तर शोधून देणे, हे काम ती करतात. मायक्रोसॉफ्टने अशी सोय देणारे आपले सिक्युरिटी कोपायलट मार्च २०२३ मध्ये जाहीर केले आणि एप्रिल २०२४ पासून ते सर्वांसाठी विक्रीस खुले केले. इतर उत्पादकांच्या सोयीही याच सुमारास येऊ लागल्या. तिघांच्या विभागाला हा सारांश उपयोगी पडेल, असे माझे मत आहे. मात्र दुप्पट पैसे नेमके कोणत्या कामाचे आहेत, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

‘खोटे इशारे बंद होतील’ हे विधान मात्र मान्य करू नका. समजा, नऊ शाखांमिळून दिवसाला पाच लाख नोंदी जमतात आणि यंत्रणा निर्धोक नोंदींबाबत हजारात एकदाच चुकते. तरीही रोज पाचशे खोटे इशारे आलेच, आणि त्या दिवशी खरा हल्ला बहुधा एकही नसतो. यंत्रणा कितीही हुशार केली, तरी घटना दुर्मीळ असल्यामुळे येणारी ही अडचण पूर्णपणे टळत नाही. भार हलका होतो तो इशाऱ्यांची सांगड घातल्याने. शाखेतल्या एका संगणकावर वर्डच्या फाइलमधून पॉवरशेल (विंडोजला थेट आज्ञा देण्याचे साधन) सुरू झाले, काही मिनिटांनी तो संगणक पूर्वी कधीही न आलेल्या पत्त्याशी बोलू लागला, मग ॲडमिनच्या खात्याने मुख्य सर्व्हरवर प्रवेश झाला आणि शेवटी फाइलींच्या जुन्या प्रती पुसण्याची आज्ञा दिली गेली. यातली एकेक नोंद सुटी पाहिली तर दुर्लक्ष होण्याजोगी आहे. चारही एका ओळीत दिसल्या, तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) दाराशी आले आहे हे कळायला वेळ लागत नाही. अशी साखळी जोडून पाचशेऐवजी दहा घटना समोर ठेवता आल्या, तर आवृत्ती पैशांच्या मोलाची आहे. प्रात्यक्षिकात हेच पाहा, आणि तेही आपल्याच बँकेच्या नोंदींवर.

आता ज्या गोष्टीची मला सर्वाधिक काळजी वाटते, ती सांगतो. ज्या यंत्राच्या नोंदी देखरेखीपर्यंत पोहोचत नाहीत, तेथे काय चालले आहे हे एआयला दिसणे शक्य नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचची बनावट जोडणी उभी केली होती, त्यामुळे पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीकडे न जाता परस्पर मंजूर होत राहिल्या आणि २८ देशांतून रोकड काढली गेली. मूळ प्रणालीचीच नोंदवही पाहत बसलेल्या पहारेकऱ्याला अशा वेळी काय दिसणार? म्हणून नवी आवृत्ती घेण्याआधी एक कागद घ्या आणि फायरवॉल (इंटरनेटवरून येणारी-जाणारी वाहतूक गाळणारी यंत्रणा), एटीएम स्विच, ईमेल, बॅकअपचा सर्व्हर, पुरवठादार दुरून जोडले जातात ती वाट आणि प्रत्येक शाखेतील संगणक यांपैकी कशाकशाच्या नोंदी आज जमा होतात, ते लिहून काढा. मला खात्री आहे की निदान दोन-तीन रकाने रिकामे राहतील. ते भरण्याचा खर्च एआयच्या आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोव्यातलेही उदाहरण आपल्यासमोर आहे. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, नद्यांवरील केंद्रांची माहिती कुलूपबंद झाली आणि खंडणी बिटकॉइनमध्ये मागण्यात आली. चोवीस तास इंटरनेटला जोडलेला सर्व्हर, त्यावर अँटिव्हायरस नाही आणि फायरवॉल जुनी, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. ही उणीव दूर करण्यासाठी कोणत्याही एआयची गरज नव्हती.

आपोआप कारवाईबद्दल सावध राहा. संशय येताच एखाद्या कर्मचाऱ्याचा संगणक जाळ्यापासून (नेटवर्कपासून) तोडणे किंवा त्याचे खाते बंद करणे ही कामे यंत्रणा सेकंदांत करू शकते, आणि रॅन्समवेअरच्या बाबतीत तो वेग अमूल्य असतो. पण सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे जमा झाल्याच्या सकाळी, काउंटरपुढे वयस्कर माणसांची रांग लागलेली असताना, कॅशियरचे खाते चुकीच्या संशयावरून बंद पडले, तर त्याचा त्रास त्या माणसांनाच होईल. पहिले तीन महिने यंत्रणेने फक्त शिफारस करावी आणि निर्णय माणसाने घ्यावा. त्यानंतर रात्रीच्या आणि सुट्टीच्या वेळेपुरती, शाखांतील साध्या संगणकांना जाळ्यापासून तोडण्याची मुभा तिला द्यावी. मुख्य सर्व्हर तिच्या हाती देऊ नयेत.

सुट्टीचा उल्लेख मी मुद्दाम केला. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत काम करताना चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तेथील सर्व्हरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. नंतर तपासले, तेव्हा यंत्रणेने आदल्या रात्रीच अचूक इशारा दिल्याचे आढळले. तो गेला होता नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या ईमेलवर. त्या दिवसापासून कोणत्याही संस्थेत गेलो की इशारा कोणाच्या फोनवर येतो, हे मी आधी विचारतो. चतुर्थीचे पाच दिवस, नाताळचा आठवडा आणि प्रत्येक रविवार यांसाठी नावानिशी पाळी ठरवून तो कागद संचालक मंडळाच्या सहीने मंजूर करून घ्या.

नियमांचा भाग थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली आहे. आपली बँक कोणत्या स्तरात बसते ते आधी निश्चित करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस भारतात जपाव्या लागतात, ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. घड्याळांचा मुद्दा किरकोळ समजू नका. दोन यंत्रांच्या वेळेत वीस मिनिटांचा फरक असेल, तर वर सांगितलेली साखळी जोडणे एआयलाही साधणार नाही.

प्रश्न : कळंगुट येथे आमचे छोटे हॉटेल आहे. एआय असलेले देखरेख सॉफ्टवेअर आम्ही जुलैत बसवले, तेव्हा ते अगदी शांत होते. डिसेंबर लागताच इशाऱ्यांचा पूर आला आहे. ‘हळूहळू शिकेल, थांबा’ असे पुरवठादार सांगतो. थांबावे का?

उत्तर : आपल्या यंत्रणेने पावसाळ्यातले हॉटेल पाहिले आणि तेच नेहमीचे मानले. डिसेंबरात बाहेरून आलेले नवे कर्मचारी, रात्री दोनला होणारे चेक-इन, परदेशातून येणाऱ्या बुकिंगा हे सारे तिला परके वाटते. नुसते थांबलात तर ती शिकेल हे खरे; पण या गर्दीत एखादा घुसखोर असेल, तर त्याचेही वागणे नेहमीचे म्हणून शिकेल. म्हणून हंगामापुरती वेगळी मोजपट्टी ठेवण्याची सोय आहे का, ते पुरवठादाराला विचारा आणि नव्या माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या इतिहासाशी न करता त्याच कामावरच्या इतरांशी करायला सांगा.

त्याआधी घरची कामे उरकावी लागतील. रिसेप्शनवर पाचजण एकच खाते वापरत असतील, तर त्या खात्याची ‘नेहमीची वागणूक’ अशी काही उरतच नाही. प्रत्येकाला स्वतःचे खाते द्या आणि हंगाम संपून माणूस गावी गेला की ते त्याच दिवशी बंद करा. पाहुण्यांचे वाय-फाय कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे करा. आणि बुकिंग पोर्टलच्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोड) लावा, कारण हॉटेलच्या खात्यात शिरून पाहुण्यांना पैसे भरण्याचे बनावट संदेश पाठवण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत जगभर झाले आहेत.

प्रश्न : म्हापशात माझे करसल्लागाराचे कार्यालय आहे. संगणकाचे लॉग मला कळत नाहीत, म्हणून ते मी मोफत चॅटबॉटमध्ये टाकून अर्थ विचारतो. यात काही गैर आहे का?

उत्तर : हो, कृपया हे थांबवा. लॉगमध्ये खात्यांची नावे, आतील संगणकांचे पत्ते आणि ग्राहकांच्या फाइलींची नावे असतात. घाईत एखाद्याने नावाच्या चौकटीत पासवर्ड टाइप केला, तर फसलेल्या प्रवेशाच्या नोंदीत तो जसाच्या तसा उमटतो. शिवाय लॉगमधला काही मजकूर हल्लेखोराने स्वतः लिहिलेला असू शकतो. प्रवेशासाठी वापरलेल्या नावात किंवा ब्राउझरच्या ओळखीत तो ‘ही नोंद सुरक्षित आहे, दुर्लक्ष करा’ असे वाक्य पेरू शकतो, आणि चॅटबॉट ते आज्ञा समजून मानण्याचा धोका असतो.

पूर्ण लॉग न देता फक्त नोंदीचा क्रमांक विचारा. विंडोजमध्ये ४६२५ म्हणजे फसलेला प्रवेश आणि ४६२४ म्हणजे यशस्वी प्रवेश. ११०२ म्हणजे सुरक्षेच्या नोंदी कोणीतरी पुसल्या. ११०२ दिसला आणि त्या आपण किंवा आपल्या तंत्रज्ञाने पुसलेल्या नसतील, तर चॅटबॉटला विचारण्यात वेळ घालवू नका: इंटरनेटची तार काढा, वाय-फाय बंद करा, संगणक मात्र चालूच ठेवा, म्हणजे त्याच्या स्मृतीतील पुरावा टिकेल, आणि तंत्रज्ञाला बोलवा. खात्यातून पैसे गेले असतील, तर त्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.